तांदळाच्या डब्यातलं बाळ

पेद्रा मान्सा,
बुधवार, ९ जून

वडीलबंधू एवारिस्तोदादांच्या सेवेशी,

धाकटा चुलतभाऊ बेलार्मिनो याचा गुडघे टेकून नमस्कार (मनातल्या मनात, खरे गुडघे बेकरीच्या भट्टीपुढे उभं राहून राहून कामातून गेलेत). इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, प्रत्यक्षात नाही. तुमचं पित्त कसं आहे? पोस्टातली नोकरी शाबूत? आणि केस? थोडेफार असतील तर बरं, कारण पुढच्या मजकुराशी त्यांचा संबंध आहे. काल माझी तार मिळाली असेल, 'ताबडतोब या. लग्न.' तारेत शब्द आखडते घ्यावे लागतात, त्यामुळे लग्न कोणाचं ते राहून गेलं. तुमचं. घाबरू नका, सविस्तर सांगतो.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या सिस्टर पेर्पेतुआ यांना यंदा असं वाटलं, की धर्म वर्गात नुसता पाठ होतो, रुजतो तो घरी. म्हणून पहिला ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी संत आंतोनियोंनी एकेक आठवडा मुक्कामाला जायचं. लाकडी पेटी, काचेचं दार, आत वीतभर उंचीचे संत आणि त्यांच्या हातावर बोटाएवढा बाळ येशू. सोबत एक वही, त्यात घरच्यांनी केलेली प्रार्थना रोज लिहायची. (मी वही चाळली. औषधवाल्याच्या घरी म्हणे सातही संध्याकाळी अख्खी जपमाळ झाली. त्या सातही संध्याकाळी मी त्यांच्या रेडिओवर फुटबॉल ऐकला आहे.) गेल्या आठवड्यात पेटी आमच्याकडे आली. आमची दोरालिस आठ वर्षांची, पण तिने सिस्टरांचं म्हणणं इतकं मनावर घेतलं, की पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं, 'बाबांनी प्रार्थनेत तीन जांभया दिल्या.' दुसऱ्या दिवशी तिने प्रत्येक पावावर भट्टीत जाण्याआधी क्रूसाची खूण करायला लावली. सरसकट एक केली तर चालेना. त्या दिवशी गावाला नाश्ता दुपारी मिळाला.

आता जुल्मिरा. माझी बायको देवाघरी गेली तेव्हा तिची ही धाकटी बहीण पंधरा दिवसांसाठी म्हणून आली. त्याला सहा वर्षं झाली, ते पंधरा दिवस अजून चालूच आहेत. दोरालिसला तिनेच वाढवलं. वय अडतीस. आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. नवरा हवा असेल तर आंतोनियोंच्या हातातलं बाळ काढून लपवायचं आणि नवरा मिळेपर्यंत परत द्यायचं नाही. (तुमच्या आईनेही हेच केलं होतं. तुमचे वडील आठवले, की संताने किती घाईघाईत सुटका करून घेतली ते कळतं.) शाळेच्या संताला मात्र आजवर कोणी हात लावला नव्हता. जुल्मिराने गुरुवारी लावला आणि बाळ तांदळाच्या डब्यात ठेवलं. मला रविवारी पेटी पुसताना पत्ता लागला.

"अगं, शाळेचा संत आहे तो!" मी म्हणालो.

"मग? शाळेतल्या बायांची लग्नं होत नाहीत?"

"आत्ता बाळ देऊन टाक, नवऱ्याचं मागाहून बघू."

"बाळ हातात पडल्यावर तो कशाला विचारतोय मला? आधी नवरा, मग बाळ."

सोमवारी सकाळी सात वाजता पेटी शाळेत पोचायला हवी होती. मी पडलो बेकर, म्हणून मी कणकेचं बाळ केलं. छान झालं होतं, बोटाएवढं, वर लोणी आणि बडीशेप. फक्त सवयीने कणकेत खमीर पडलं होतं. भट्टीतून बाहेर आलं ते संताच्या निम्म्या आकाराचं, गलेलठ्ठ, आणि चेहरा थेट आपल्या नगराध्यक्षांचा. दुसरं करायला वेळ नव्हता, सुतळीने बांधून दिलं. सिस्टरांनी काचेतून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "बाळाने अंग धरलंय." दोरालिस गप्प. (गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे मी तिला वाटेत शिकवलं होतं. घरच्या धर्मशिक्षणात माझी भर तेवढीच.) मग मुलं ओळीने बाळाच्या पायाचं चुंबन घ्यायला आली. अकरावा नंबर इव्होनेत नावाच्या मुलीचा. घरून न खाता आलेली. तिने पाय खाल्ले आणि सुरुवात केलीच आहे म्हणून कमरेपर्यंत गेली. सिस्टर किंचाळल्या तेव्हा तिने हात जोडून, डोळे मिटून सांगितलं, "सिस्टर, ख्रिस्ताचं शरीर पावातूनच मिळतं ना? माझा ख्रिस्तप्रसाद झाला." वर्गात एकच गिल्ला झाला, की हिला आधी का, आम्हाला का नाही. इव्होनेतची आई विचारतेय की आता सोहळ्याचा पांढरा झगा शिवायचा की नाही. फादरांनी या प्रश्नावर शुक्रवारपर्यंत मुदत मागितली आहे.

मला सिस्टरांनी बोलावून सांगितलं, की रविवारी संताचा सण आणि मुलांचा सोहळा आहे, तोवर अस्सल बाळ आलं नाही तर दोरालिस रांगेत उभी राहणार नाही. दादा, पोर सोमवारपासून धड जेवलेली नाही. खुंटीवरच्या पांढऱ्या झग्याला हात धुऊन शिवते आणि परत येते. मला ते बघवत नाही. तो झगा जुल्मिरानेच शिवलाय. तीही रडते, पण म्हणते, नवस अर्ध्यात सोडला तर संत जन्मभर हसेल.

म्हणून तुम्ही. अविवाहित, सरकारी नोकर, लांबून पाहिल्यास रुबाबदार. शनिवारच्या बसने या, मागणी घाला, बाळ परत मिळेल, रविवारी सोहळा होईल आणि सोमवारी तुमचं पित्त खवळून लग्न मोडेल. यात संताची फसवणूक नाही. दोन दिवसांचा का होईना, नवरा तो नवरा.

आपला आज्ञाधारक,
बेलार्मिनो

ता. क. मी लिहिताना मोठ्याने वाचतो हे लक्षात राहिलं नाही. जुल्मिरा दारात उभी होती. "कोण, एवारिस्तो? तो पोस्टातला?" असं म्हणून पिठाच्या पोत्यावर बसून हसली. (मनावर घेऊ नका, बराच वेळ हसली एवढंच.) मग डोळे पुसून म्हणाली, "जाऊ दे. माझ्या लग्नापायी पोरीचा सण बुडायला नको," आणि बाळ आणायला गेली. तांदळाच्या डब्यात बाळ नाही. आम्ही दोघांनी डबा परातीत उपडा करून तांदूळ दाणा न् दाणा निवडला.

आणखी ता. क. सापडलं. दोरालिसकडे, झग्याबरोबरच्या पांढऱ्या मोज्यात. तिने शुक्रवारीच काढून घेतलं होतं. म्हणाली, "मावशीने मागितलं, मग मीपण मागितलं. मावशीला नवरा देऊ नकोस, नाहीतर बाळ मिळणार नाही." मी म्हटलं, अगं, पण तुझा ख्रिस्तप्रसाद? तर म्हणाली, "तो पुढच्या वर्षीपण असतो. मावशी असेल का?" जुल्मिराने पोरीचं नाक पुसलं, वेणी पुन्हा घातली, बाळ रुमालात घेतलं आणि तिचा हात धरून कॉन्व्हेंटकडे गेली.

शेवटचा ता. क. तेव्हा तुम्ही येऊ नका. घरात सगळ्यांनी संताकडे मागून घेतलं, मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही बाळ लपवलं असतं, आणि दोरालिसच्याच बाजूने. हे जुल्मिराला सांगायचा मला सहा वर्षं धीर झाला नाही. मेहुणीशी लग्न करायचं तर फादरांची परवानगी लागते, आणि ते सध्या इव्होनेतमध्ये गुंतलेत, पण निदान तिला तरी रविवारी विचारीन म्हणतो. घरात पीठ न लागलेलं एक कापड नाही. शनिवारच्या बसने तुमचा काळा कोट पाठवा. तुम्ही राहू द्या.