मुरबाडला पाळणा पोचवल्याबद्दल

ती. देवरामदाजींस किन्हवलीहून धाऊचा नमस्कार, या खेपेला लांबूनच. गिरजाताईचे गुडघे कसे आहेत?

ज्या टेबलावर हे लिहितोय ते मी केलेलं, बसलोय ती खुर्ची मी केलेली, माळ्याचा जिना, अंगणातले बाक, शिवाय तुमच्या नातीचा पाळणा (सागाचा, एकही खिळा नाही), सगळं कोणाकडे न शिकता. अंगावर उठलेला गोवर तेवढा मी केलेला नाही. शहापुरात साथ आहे, तिथल्या बाजारातून तो आला, असं आरोग्य केंद्राच्या वर्षा सिस्टर म्हणतात. पन्नाशीत गोवर म्हणून त्या आधी हसल्या, मग विचारलं, पुरळ उठण्याआधी कोणाकोणाकडे गेलात? म्हटलं, मी कोणाकडे जात नाय, माझं मला पुरतं. मग आठवायला लागलो. चिमाकडे चहा, देवळाच्या पायरीवर गप्पा, एका हळदीचा मांडव (बोलावणं नव्हतं, खांब तिरका आहे एवढंच सांगायला गेलो होतो). नावं सरेनात. एकटा राहणारा माणूस म्हणून माझी ख्याती, आणि माझा श्वास निम्म्या गावात जाऊन आलेला.

सिस्टरना उन्हात घरोघर हिंडायला नको म्हणून मी सगळ्यांना निरोप धाडून माझ्याच अंगणात घरागणिक बसवलं. गोवर आलेल्याला बघायला जायचंच असतं, म्हणून शेजारीही आले, कडुनिंबाचे डहाळे घेऊन, पोरं कडेवर. मी खिडकीतून ओळखी करून देत होतो. सिस्टर फाटकातच थांबल्या. "काका, माणसं शोधायची होती, गोळा नाय करायची." त्यावर म्हातारी ठमी म्हणते, "मंग जेवाण नाय काय गो?"

आपल्याकडे नाव सांगणं म्हणजे चुगली. मलाही तसंच वाटायचं. पण ज्याचं नाव मी गिळीन त्याच्या दारी विचारायला कोणी जाणार नाही, आणि आजार तर आधीच पोचलेला असेल. म्हणून काल शेवटचं नाव दिलं, तुमचं. पाळणा पोचवायला आलो तेव्हा माझ्या अंगात कणकण होती. पोरीला पाळण्यात मीच ठेवलं, आणि झोका सरळ जातो का ते बघत बराच वेळ तिच्यावर वाकून होतो.

आपला मेहुणा,
धाऊ

ता. क. तुम्ही फोन उचलत नाही. हे पत्र ज्यांनी हातात दिलं त्याच वर्षा सिस्टर. त्यांना ओटीवरून परत पाठवू नका. पोर पाच महिन्यांची, लसीचं वय नाही, तिला आजच बघू द्या. रविवारचं जावळ पुढे ढकला.

आणखी एक. तुमचा रोशन परवा येऊन गेला. जावळाचा बोकड ठरलाय, मुरबाडचं नाव तेवढं सांगू नका, बाबांनी पैसे दिलेत, असं फाटकाबाहेरून म्हणाला. मी घेतले नाहीत. पाच हजार होते.