पाखऱ्याने गिळलेली गादी

मोहगाव, पोळ्याची सकाळ

ती. शालिकराम भाऊजींस,

गुणवंताचा नमस्कार. सावरगावी तुम्ही, सुशीला अन् लेकरं खुशाल असालच. पोळ्यासाठी तुम्ही दिलेला पाखऱ्या बैल उत्तम आहे. म्हणजे काल दिवेलागणीपर्यंत होता. (फोन करत नाही, कारण तुम्ही मधेच बोलता.)

मोटर वायंडिंग मी कोणाकडे शिकलो नाही, तसंच हेही. जुवाने पाखऱ्याचा खांदा सोलला होता, म्हणून त्याच्यासाठी गादी केली. चायना ग्रास शिजवलं अन् त्यात लोखंडाचा भुगा घोटला (दोनदा चाळलेला, टोचणारा एक कण नाही). थंड झाल्यावर गादी खव्यासारखी मऊ. पण लोहचुंबक जवळ नेलं की आतले कण झेंडावंदनाच्या पोरांसारखे रांगेत उभे राहतात अन् गादी कडक होते. ओझं ओढताना चुंबक लावायचं, विसाव्याला काढायचं.

चूक माझी नाही, कढईची आहे. यमुनेने तिच्यात पुरणाचा गूळ वितळवला होता अन् ती तशीच मला मिळाली. काल खांदेमळणीला मी गादी काढून गव्हाणीवर ठेवली. यमुनेने खांद्याला लोणी-हळद चोळली अन् रीतीप्रमाणे म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पाखऱ्या उद्यापर्यंत थांबला नाही, गुळाच्या वासाने गादीच जेवला.

लगेच गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाखऱ्याचं पोट दाबलं, म्हणाले, घट्ट आहे. मी विचारलं, "माह्या खिशात चुंबक हाय, म्हणून तर नाही?" अन् मागे सरलो. ते म्हणाले, "काका, गॅस हाय. तुम्ही घरात जाऊन बसा." (माझा खिसा मात्र त्यांनी तपासला नाही.) औषध पाजलं, अन् रवंथ सुरू झाल्याशिवाय पोळ्याच्या तोरणाखाली नेऊ नका म्हणाले.

यमुना एकच बोलून राहिली, "बैलाले काही झालं तं सुशीलाताईले काय तोंड दाखवू?" मी गोठ्यात बसून हे लिहून राहिलो. पाखऱ्या माझ्याकडे पाहून राहिला. जबडा हलत नाही.

रागावू नका, एवढंच मागणं.

तुमचा,
गुणवंता

ता. क. हलला! रवंथ सुरू झालं. शेणही टाकलं. त्यावरून चुंबक फिरवलं, भुगा चिकटला. म्हणजे माल उत्तम होता.

ता. क. दुसरा. डॉक्टरांनी पाखऱ्याला आराम सांगितला आहे, अन् ओझं ओढून गादीची चाचणी तर राहूनच गेली. तरी पाखऱ्याला पाहायला येताना तुमचा दुसरा बैल घेऊन या. कढई या वेळी मी स्वतः घासली आहे.