आवाज बंद ठेवून

प्रिय खटपट्या,

हातानं लिहिलेलं पाकीट बघून तू आधी हसशील आणि मग घाबरशील. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर बोलायला गेले की मी ऐनवेळी विषय बदलते, हे तुला माहीत आहेच. म्हणून हा कागद.

आज सुट्टी होती. दुपारभर नुसती पडून राहिले. उन्हाचा एक पट्टा भिंतीवरून पलंगावर आणि पलंगावरून फरशीवर सावकाश सरकत होता. त्या तंद्रीत मला बाबा आपल्या घरात चालताना दिसले. पायांत मोजे, ओठांवर पावलांची मोजणी आणि मागे फोन धरून तू. आईला दिसेनासं झालं आणि तू ते ॲप करायला घेतलंस, तो आठवडा आठवतो ना? आई फोन घेऊन जिथे जाईल तिथलं वाक्य बाबांच्या आवाजात यायचं. चार पावलं सरळ, मग डावीकडे दार; उंबरा आहे बरं का, पाय उचल. हे त्यांनी इतक्या लाडानं म्हटलं, की आई आतून ओरडली, चाळीस वर्षांत माझ्याशी असं कधी बोलला नाहीत! ओट्यापाशी ते शिंकले. ती शिंक तू काढून टाकणार होतास, पण आईनं तुला दम भरला. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, पण ती शिंक तिथेच होती.

ॲपमध्ये नमुन्याला बाबांचीच वाक्यं होती; ती ऐकून मग इतर लोकही आपापल्या माणसांचे आवाज त्यात भरायला लागले. कुणी मुलीचा, कुणी नवऱ्याचा. मी तुला अतिशहाणा म्हणून चिडवायचे, पण मनातून फार अभिमान वाटायचा. हे तुला कधी सांगितलं नाही, ते आज सांगते.

तू मला दारवान म्हणतोस ते काही खोटं नाही. आमच्या कंपनीच्या फोनांत ॲप शिरायला स्टोअरचं एकच दार, आणि कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं, हे ठरवणाऱ्यांतली मी एक. लांबलचक खोली, तीस टेबलं, निळसर उजेड. समोर येतं त्या ॲपवर ना नाव, ना करणाऱ्याचा पत्ता, नुसता क्रमांक. तपासायला बारा मिनिटं. आणि एक शिरस्ता असा, की सगळ्यांनी फोनचा आवाज बंद ठेवायचा. तीस जणांचे खेळ एकदम वाजले तर वेडच लागेल ना! त्यामुळे मी गाणी, गजरांची घड्याळं, बाळांना झोपवायची ॲप्स, सगळं मुक्यानंच तपासलंय. पाण्याखाली बसून काम केल्यासारखं वाटतं, आणि खरं सांगू, मला ते आवडायचं.

मागच्या वर्षी वरून हुकूम आला. घरात वाट दाखवणारी ॲप्स काढून टाका, कारण लिहा की अशी सोय स्टोअरची स्वतःची आहेच. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, कारण अशी सोय तेव्हा नव्हतीच. ती आली तीन आठवड्यांनी, एका यंत्रबाईच्या गुळगुळीत आवाजात. पण कुणी अवाक्षर काढलं नाही. तेरी भी चूप, मेरी भी चूप. आपलं ॲपही त्यात असेल, हा विचार मी झटकून टाकला.

आणि गेल्या रविवारी तुझा फोन आला. आईचा जुना फोन पडून फुटला आणि नव्यात आपलं ॲप घालता येत नाही, कारण ते स्टोअरमधून वर्षापूर्वीच काढलंय; माझ्या नोकरीपायी तू तेव्हा मला बोलला नव्हतास. बाबांची वाक्यं तुझ्याकडे जपून ठेवलेली आहेत, पण ॲपशिवाय ती पेटीत बंद. त्या यंत्रबाईला आईनं दोन दिवस ऐकून घेतलं आणि विचारलं, ही कोण माझ्या घरात मला शिकवणार? आता ती भिंतीला हात लावून दारात उभी राहते, जणू कुणी बोलण्याची वाट बघतेय. त्याच आठवड्यात उंबऱ्याला अडखळून तिचा गुडघा सोलवटला. बड्या कंपन्यांची बाजारातली दांडगाई रोखणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे तू तक्रार केलीस, पण आत काय घडलं ते सांगणारं माणूस ते मागताहेत. मी काही बोलायच्या आतच तू म्हणालास, ताई, तू तुझी नोकरी सांभाळ. फोन ठेवता ठेवता तू तक्रारीतला ॲपचा क्रमांक वाचून दाखवलास.

सोमवारी तो क्रमांक मी शोधला. काढून टाकल्याच्या शेऱ्याखाली माझी खूण आहे. तू ॲपचं रूप बदललं होतंस, मी वर्षभर घरी फिरकले नव्हते, मला ते ओळखूच आलं नाही. बारा मिनिटांचं काम मी चार मिनिटांत उरकलं. बाबा माझ्या हातात बोलत होते रे, आणि मी आवाज बंद ठेवून त्यांना घराबाहेर काढलं. चार दिवस मी नुसती रडतेय. आता पुरे. तक्रारीत साक्षीदार म्हणून मला घे. हुकूम कधी आला, त्यांचं ॲप कधी आलं आणि आमच्याकडून काय लिहून घेतलं, हे सगळं सोबतच्या कागदावर सही करून दिलंय. नोकरी जाईल, जाऊ दे. आईला मात्र तू काही सांगू नकोस. पुढच्या शनिवारी मी येतेय, तिच्यासमोर बसून मीच सांगेन.

चुकलेली, पण तुझीच,
ताई