आमचं कुलूप उलटं फिरतं

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

पार्सल आलं. सायलीने पुण्याहून पाठवलेलं कुलूप — दाराच्या लाकडात पूर्ण लपणारं. बाहेरून तीच किल्लीची फट, आतून तीच मूठ, फक्त मधला बोल्ट बदलायचा. मोटर, सेल, सगळं त्या बोल्टच्या पोटात. दार उघडलं की माझ्या फोनची घंटी वाजणार.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, बसवायला माणूस बोलवा हं." मी म्हटलं, "सायली, त्या दारात आत्ता जे कुलूप आहे ते कोणी बनवलंय?"

"तुम्ही, बाबा. तुम्ही. माहितीय." हसली.

हो, मीच! १९९६ साली, दहावी नापास माणसाने. चोराने किल्ली सरळ फिरवली तर उघडत नाही — सगळं जग ज्या बाजूने बंद करतं त्या बाजूने आमचं उघडतं. आमच्या एन-नऊ वसाहतीत असं दुसरं कुलूप नाही.

पण गरज पडली ती आईमुळे. गेल्या महिन्यात ती दुपारी एकटीच घराबाहेर पडली. मी मागच्या शेडमध्ये लेथवर, बायको मंजुषा फुलंब्रीला तिच्या शाळेत शिकवायला. दोन तास पत्ता नाही. बटव्यात मंजुषाने नंबराची चिठ्ठी ठेवली होती म्हणून एका रिक्षावाल्याचा फोन आला — जालना रोडला, विमानतळाच्या अलीकडं बसलीय म्हणून. मंजुषा म्हणते, म्हातारपणी माहेरची ओढ लागते. पण आईचं माहेर पैठण. पैठण दक्षिणेला आणि जालना रोड पूर्वेला! हे कुणाच्या लक्षात येत नाही.

बाहेरून कडी घालून तिला कोंडायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलंय. आणि दारावर नवीन काही दिसताही कामा नये. मध्ये नुसतं पायपुसणं बदललं तर बाई उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. म्हणून हे लपणारं कुलूप.

४ नोव्हेंबर

व्हर्निअर लावून मोजलं. दार ३८ मिलिमीटर. नव्या कुलपाला ५४ चं भोक लागतं, माझं आहे ५२.५. कंपनीवाले कागदात लिहितात, "दहा मिनिटांत बसवा." कुणाच्या दारात?

५ नोव्हेंबर

जुनं कुलूप तासभर उतरवलं, अर्धगोल कानशीने भोक पाऊण मिलिमीटर चहूकडून घासलं. सागाचा भुसा नाकात गेला. एकोणतीस वर्षांनी तोच वास!

आई मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "मिस्तरी, चहा घेता का?" हल्ली ती मला मिस्तरी म्हणते. मंजुषाला हसू येतं. मला खरं तर बरं वाटतं. कंपनीच्या टूलरूममध्ये डिप्लोमावाल्या साहेबांनी बावीस वर्षं नुसतं "ए रामकिसन" केलं. जो मान त्यांनी द्यायचा तो आता आई देते.

८ नोव्हेंबर, शनिवार

जुना बोल्ट कायमचा काढला. हातात घेतला तर अजून गुळगुळीत. एक ओरखडा नाही. हे पोलाद कातलं सरदारने, तेव्हा तो माझ्या शेजारच्या लेथवर होता. त्यातली खाच मी पाडली. जेवणाच्या सुट्टीत एका हातात आईने डब्यात दिलेला धपाटा, दुसऱ्या हातात कानस. सरदारचं निम्मं लक्ष माझ्या डब्यात.

नवीन बसवलं. पहिल्या फटक्यात. दार लावलं, मूठ चौकटीकडं फिरवली — बंद झालं.

बंद झालं! म्हणजे कुलूप सरळ झालं. नवा बोल्ट जगाच्या रीतीनेच चालणार, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

इथं कोण वाचणार आहे? खरं लिहितो. चोराबिराचं काही नव्हतं. चूक होती. कंपनीच्या गेस्ट हाउसच्या दाराचं परदेशी कुलूप टूलरूममध्ये दुरुस्तीला आलं होतं, त्याची मापं मी वहीत उतरवून घेतली. ते दार उजवीकडं उघडणारं. आमचं डावीकडं. आरशातल्यासारखं पालटून काढायला हवं होतं. मी जसंच्या तसं काढलं. दारात बसवल्यावर कळलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी वास्तुशांत.

अप्पाराव मामा पैठणहून आले. हातात नारळ, बाहेर उभे. दार उघडायचा मान म्हणून किल्ली त्यांना दिली, ती काही फिरेना. आत सगळे पाहुणे. "भाच्या, उलटं बसवलंस की रे! कुलूप केलंस का कोडं घातलंस?" सगळे हसले. माझे कान गरम झाले. तेवढ्यात आई कणकेच्या हातांनी बाहेर आली. "उलटं नाय ते. मीच सांगितलं तसं कर म्हणून. चोर सरळ फिरवतोय का नाय? मग?"

मामा चपला काढून आत आले. मी पण मान डोलावली.

तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं. माझं तोंड बघून ओळखलं असणार. आणि त्या दिवसापासून तिचं वाक्य मी जगाला ऐकवत आलो — माझी युक्ती म्हणून! सायलीने हॉस्टेलच्या खोलीची किल्ली सवयीने उलटी फिरवून कुलपात मोडली, तेव्हासुद्धा मी रेक्टरबाईंना फोनवर अभिमानाने सांगितलं की आमच्या घरची रीतच वेगळी.

असो. चूक दुरुस्त झाली. मला काही करावंही लागलं नाही. आनंद व्हायला हवा होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

फोनची घंटी वाजली नाही. सव्वाचारला पाणी प्यायला सहज पुढं आलो तर आई दाराशी. दोन्ही हातांनी मूठ धरलेली. तिच्या सवयीने फिरवतेय — म्हणजे बंद असलेलंच आणखी बंद करतेय. कपाळावर घाम. पदर खांद्यावरून सुटलेला.

"दार उघडा हो मिस्तरी. हे घर माझं नाय. मला माझ्या घरी जाऊ द्या."

मी उघडलं. तिचा हात माझ्या हातात घेऊन दाखवलं, "आई, आता इकडं फिरवायचं. इकडं." दहादा दाखवलं. माझा हात सुटला की तिचा हात परत जुन्या बाजूला. नावं विसरली, वार विसरली, हात काही विसरत नाही.

भाकरीला शिवली नाही. "माझ्या घरी जाऊन जेवीन," म्हणते.

११ नोव्हेंबर

सायली म्हणाली, "जुनंच बसवा बाबा परत." मंजुषा म्हणाली, "म्हणजे परत जालना रोड. परत ती चिठ्ठी आणि कुणाचा तरी फोन. मला वर्गात काही सुचत नाही हो."

दोघींचंही बरोबर.

मी विचार केला. बोल्ट सरळच राहू द्यायचा. बाहेरची किल्लीही सरळ. फक्त आतली मूठ उलटी करायची. मूठ आणि बोल्ट यांच्यामध्ये तिरप्या दातांची तीन चाकं — एक मुठीला, एक बोल्टला, तिसरं दोघांच्या मध्ये. मूठ इकडं फिरली की बोल्ट तिकडं. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. चहा गाळता गाळता सुचलं.

१२ नोव्हेंबर

शहागंजला सरदारकडं गेलो. कंपनी सुटल्यापासून भंगाराचं दुकान टाकलंय. त्याला सगळं सांगितलं तर पोट धरून हसला.

"क्या मियाँ! गलती करने को तेरे को एक दिन लगा था. वोइच गलती वापस करने को कित्ते दिन लगींगे?"

"चार."

"अच्छी करना इस बार. पहली वाली में फिनिशिंग नहीं थी."

हा माणूस! मग स्टुलावर चढला, वरचा पत्र्याचा डबा उपसला आणि तीन पितळी चाकं काढली — कुठल्याशा जुन्या छपाई यंत्रातली, सारखी, एक दात तुटलेला नाही. कागदात बांधली. हसणं थांबलेलं होतं. म्हणाला, "अम्मा के धपाटे खाया मैं बारा साल. मेरा नाम पूछती क्या कभी?"

"हो," म्हटलं. विचारत नाही.

१४ नोव्हेंबर

चाकं बसवायची पहिली डबी फुकट गेली. दात फार घट्ट बसले. आईच्या हाताला जोर नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

झालं! दुसरी डबी, आतून वंगण, अर्ध्या बोटाने फिरेल इतकी हलकी. मूठ १९ मिलिमीटर पुढं आली, तेवढी येणारच. मागची नवी पितळी चकती मुद्दाम घासली नाही — चकाकली तर तिच्या नजरेत येईल. दोन दिवस हळद-तेलाचे हात लावून मळवली.

आईला काही बोललो नाही. नुसता बाजूला उभा राहिलो. आली. हात मुठीवर गेला. फिरवली — तिच्या बाजूने.

खट्.

बाहेर बघितलं, दार लावलं, आत जाऊन भाकरी मागितली.

मंजुषा म्हणाली, "तुम्ही रडताय?" वंगण डोळ्यात गेलं होतं.

१७ नोव्हेंबर

घंटी वाजली, ४:०४. मशीन चालू टाकून धावलो. आई उंबऱ्यात, एक हात चौकटीला. "कुठं निघालीस?" — "कुठं नाय." दहा-अकरा मिनिटांनी तिनेच दार लावून घेतलं.

१८ नोव्हेंबर

परत. ४:०६. कुठंही गेली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

हे कुलूप सगळं लिहून ठेवतं. आठवड्याची यादी वहीत उतरवली —

सोम. उघडलं ४:०४, बंद ४:१५
मंगळ. उघडलं ४:०६, बंद ४:१६
बुध. उघडलं ४:०५, बंद ४:१७
गुरु. उघडलं ४:०५, बंद ४:१५
शुक्र. उघडलं ४:०४, बंद ४:१६
शनि. उघडलं ४:०५, बंद ४:१६
रवि. उघडलं ४:०५, बंद ४:१८

मंजुषाची ये-जा सोडली तर आठवड्यात बाकी एकदाही नाही. भिंतीवरच्या घड्याळाचे चारचे टोले पडतात आणि ती उठते. टूलरूममध्ये असं एकसारखं माप आलं की आम्ही म्हणायचो, हा अपघात नाही, इथं कुणीतरी हेतूने काम करतंय.

चार वाजून पाच मिनिटं. मला ही वेळ माहीत आहे. कुठून?

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज शेडमध्ये गेलोच नाही. निळा एप्रन घालून, पान्हा हातात धरून दाराजवळ खालीच बसून राहिलो, काही दुरुस्त करतोय असं दाखवत.

टोले पडले. आई आली. दार उघडलं. उंबऱ्यात उभी राहून डावीकडं, गल्लीच्या तोंडाकडं बघत राहिली. मारुतीच्या पाराकडं.

आणि मला आठवलं. तिथं कंपनीची बस थांबायची. पहिली पाळी साडेतीनला सुटायची, बस चार वाजून पाच मिनिटांनी पाराशी. बावीस वर्षं मी त्या बसमधून उतरलो आणि बावीस वर्षं मी दारापाशी पोचायच्या आत दार उघडलेलं असायचं. किल्ली खिशात असायची, पण दुपारी मला ती कधी लावावीच लागली नाही. उलट्या कुलपाचा एवढा अभिमान, आणि आल्यावर ते उघडायची आईच! कंपनी सुटली, शेड टाकलं. तेव्हापासून माझं येणं-जाणं मागच्या दाराने. पुढच्या दाराने घरी येणं कधीचंच बंद झालंय.

गेल्या महिन्यात ती सापडली ती जागा — विमानतळाच्या अलीकडं. तिथून कंपनीचं गेट पाऊण किलोमीटर.

मी विचारलं, "कुणाची वाट बघती, आई?"

माझ्याकडं वळली. चांगल्या घरच्या बाईने कामावरच्या माणसाशी बोलावं तशी, अदबीने बोलली. "माझा राम्या यायचाय कंपनीतनं. लई दिवस झालं, उशीर करतोय. तुमी बसा मिस्तरी. तुमचं चालू द्या."

मी पान्हा खाली ठेवला. परत उचलला.

मिस्तरी म्हणजे मिस्तरीच होता. मान नव्हता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पावणेचारला हात रॉकेलने, मग साबणाने धुतले. नखंसुद्धा. पांढरा शर्ट घातला. माळ्यावरची कंपनीची पिशवी काढली, आत रिकामा डबा टाकला. मागच्या दाराने निघून गल्लीला वळसा घालून पारापाशी जाऊन उभा राहिलो.

दार उघडलं ४:०५. बंद ४:०६.

"आलास?" म्हणाली. "किती उशीर रे राम्या! हातपाय धू. चहा टाक, मला बी दे — आन् एक कप मागं नेऊन दे. मिस्तरी आलाय कामाला. गुणी माणूस हाय, लई दिवस झालं राबतोय बिचारा."

मागं शेडमध्ये नेऊन मिस्तरीचा कप प्यालो. मग पुढं आलो, आईजवळ बसून माझा.