साखरेच्या डब्याची फळी

तीर्थस्वरूप दौलतदादास,

लोअर परळहून शिवाचा पाया पडून नमस्कार. आम्ही बरे आहोत. वहिनीचा खोकला थांबला का?

आईने गाववाल्याकरवी तुला सांगून पाठवलं, की साखरेच्या डब्याला तिचा हात पोचू नये म्हणून मालनने फळी मुद्दाम वर ठोकली. आणि तू लागलीच माझ्या बायकोला शिव्या घालणारं पत्र धाडलंस! संशय मलाही आला होता, म्हणून मी खिळे तपासले. फळी कुणी हलवलेली नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळाला गिरणी बंद होती, तेव्हा आईला पाठदुखीसाठी इस्पितळात नेलं. पाठीच्या हाडांचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "म्हातारपणी हाडं विरळ होतात. मणके दबलेत, म्हणून उंची घटली." आईला पटलं नाही. म्हणते, सुनेने डॉक्टर फितवला.

घरी येऊन ती नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसली. तिथं तिच्याच डोक्याच्या तेलाचा जुना डाग आहे. डोकं आता त्याच्या चार बोटं खाली टेकतं. मी तिला डाग दाखवला.

तिने तो निरखून पाहिला. मग मला जवळ ओढून हळूच विचारलं, "शिवा, खरं सांग, मी गावी गेले की इथं कोण उंच बाई येऊन बसते?"

तुझा धाकटा,
शिवा