लायटीच्या पेटीतली चाल

दादा, तुमची चाल पेटीतून गेली. हे एवढं एक वाक्य लिहायला मला किती महिने लागले, आणि आता लिहून झाल्यावर बघते तर त्यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. पेटी म्हणजे तुमचा कीबोर्ड. गावात त्याला सगळे लायटीची पेटी म्हणायचे आणि तुम्हीही तेच म्हणायचात. कीबोर्ड हा शब्द तुमच्या तोंडून मी फक्त परगावच्या लोकांसमोर ऐकला, तोही जरा लाजत म्हटलेला.

तुम्ही तो नांदेडहून आणलात तेव्हा मी, तुमची लेक, तिसरी-चौथीत असेन. कुणा ऑर्केस्ट्रावाल्यानं वापरून सोडलेला, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. एसटीत तुम्ही तो मांडीवर आडवा घेऊन बसला होता आणि मी खिडकीशी दबून गेले होते. कंडक्टर आला, गठुड्याकडं बघून म्हणाला, "हे काय हाय?" तुम्ही म्हणालात, "लेकरू." तो म्हणाला, "मग अर्धं तिकीट काढा." "मांडीवरच्याला कुठं तिकीट असतं साहेब?" तुम्ही विचारलंत, "अजून बोलायलाबी शिकलं न्हाई ते." कंडक्टर हसला आणि पुढं गेला. कळमनुरी येईपर्यंत तुमचा हात त्या लुगड्यावर होता. लहान मूल झोपलं की ठेवतात, तसा.

हिंगोलीच्या मोंढ्यात तुम्ही हळदीची पोती उचलायचात. चौदा एप्रिलची जयंती येते तीही नेमकी हळदीच्या हंगामात, त्यामुळं गायन पार्टीचा सराव असायचा तेव्हा तुमची बोटं हमखास पिवळी असायची. साबणानं घासूनही रंग जायचा नाही आणि पांढऱ्या पट्ट्यांना लागायचा. आई म्हणायची, "पेटीला बी हळद लागली, आता लगीन लावा तिचं." गायन पार्टीत तुम्ही कितीतरी वर्षं हाताची पेटी वाजवली होती, म्हणून नव्या पेटीशी तुमचं लवकर जमलं नाही. जुन्या पेटीला भाता असतो, ती श्वास घेते, तुम्ही दमलात की तीही दमते. "हिला दमच न्हाई," तुम्ही म्हणायचात, "हिच्यात आपला दम घालावा लागतो. न्हाईतर ही नुसती वाजते." तिच्यात बासरी होती, सनई होती, तबला होता. गावातली पोरं एकेक बटण दाबून बघायची. तुम्ही मात्र सगळे आवाज ऐकून शेवटी पेटीच्याच आवाजावर यायचात. त्या पिवळ्या बोटांना तेवढाच आवाज ओळखीचा वाटत असावा.

एक बटण मात्र तुम्हाला मनापासून आवडलं होतं. ते दाबलं की बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवून सूर वर चढवता येतो, खाली उतरवता येतो. गाणारा कुठल्याही पट्टीत गाऊ दे, तुमची बोटं आपल्या सवयीच्या जागी. त्याच बटणानं एकदा फजितीही केली. आदल्या दिवशी दुसऱ्या गाणाऱ्यासाठी चढवलेला सूर उतरवायचा राहून गेला आणि औंढ्याकडच्या एका गावात पार्टीचे मुख्य गायक काका अंतऱ्याला गेले तर त्यांचा आवाज फाटला. गाणं कसंबसं संपलं. काका घाम पुसत म्हणाले, "माझं नरडं काय भाड्यानं आणलंय का, एवढं ताणायला?" तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "म्हन्लं, पार्टीचं नाव जरा वर जाऊ द्यावं." मंडपाच्या मागं सगळे पोट धरून हसले. काकाही हसले. पण परतताना तुम्ही मला जे सांगितलंत ते हसत नाही सांगितलं. "माझी नजर बोटांवर हुती. साथीवाल्यानं बोटांकडं बघायचं नसतं, गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं. तो दम कुठं घेतो ते बघायचं." मला शिकवताना मी बोटांकडं बघितलं की तुम्ही रागवायचात ते त्यानंतरच. तसे तुम्ही मला दुसऱ्या कशासाठी रागावल्याचं आठवत नाही. मला 'सा' सापडावा म्हणून आईची लाल टिकली तुम्ही पट्टीवर चिकटवली होती, आणि बोटांकडं बघायचं नाही म्हणून एक दिवस तुम्हीच ती काढून टाकलीत.

आणि मग ती चाल. तुमची स्वतःची, अजून शब्द नसलेली. दुपारची वेळ, तुम्ही सुट्टीवर. पेटीत एक गाणं साठवता येतं हे तुम्हाला नुकतंच कळलं होतं. मी दाराशी बसून ऐकते आहे. तुमची चाल वर चढते, आता वळणार, आणि चुलीपुढून आईची हाक येते, "अहो, भाकर निवून राहिली." तुम्ही हात उचलता. "आलो," म्हणता. मग पुढचं वाजवून पुरं करता. पण पेटीनं ती थांबलेली, रिकामी जागाही साठवून घेतली. तुम्ही ऐकून हसलात. "राहू दे. उद्या नीट भरतो. शब्द पुढच्या जयंतीला." पुढची जयंती आली तेव्हा तुम्ही नव्हता. काविळीनं नेलं तुम्हाला, हळदीच्याच दिवसांत.

त्या वर्षी काकांनी पेटी मंचावर ठेवायला सांगितली. विहारासमोर निळे झेंडे, समोर सगळी वस्ती बसलेली, आणि मी, सातवीतली, पुढं जाऊन बटण दाबलं. तुमची चाल वाजली. मधल्या जागी आली तेव्हा सगळे गप्प, कुणी खोकलं नाही. मग पुढची वाजली. दर वर्षी तेच होऊ लागलं. कार्यक्रमाच्या आधी मी बटण दाबायचं, लोकांनी ऐकायचं, मग पार्टीनं सुरुवात करायची. मी बारावी झाले, हिंगोलीच्या कॉलेजातून बीए आणि मग बीएड झाले, आपल्या घरातली पहिली. पण वस्तीत माझी ओळख पेटीवाल्याची लेक, बटण दाबणारी, हीच राहिली. मला त्याचा अभिमान होता आणि भीतीही होती. पेटीतलं गाणं सेलवर टिकतं. सेल उतरले की गेलं. सेल बदलताना पेटी लाईटवर लावून ठेवावी लागते, आणि मधेच लाईट गेली तरी गेलंच. लोडशेडिंगच्या दिवसांत ही काही छोटी गोष्ट नव्हती. लाईट नुकतीच आली की मी आईला दाराशी उभं करायची, कुणी आत येऊ नये, कुणाचा पाय वायरीत अडकू नये. मग जुने सेल काढून नवे घालायची. मैत्रिणी परीक्षेला जेवढ्या घाबरायच्या तेवढी मी सेलला घाबरायची.

मला सिद्धेश्वरकडच्या एका शाळेत शिक्षणसेविकेची नेमणूक मिळाली आणि मी जूनमध्ये घर सोडलं. निघताना आईला सांगितलं, सेल दिवाळीपर्यंत टिकतील, तू काही करू नकोस. दिवाळीला आले, पेटी पुसली, लाईटवर लावली, बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. पुन्हा दाबलं. सेल तर जागेवर होते, चांगले भरलेले, फक्त रंग वेगळा वाटला, पण तेव्हा माझं तिकडं लक्ष गेलं नाही. मी पेटी झाकून ठेवली आणि आईला काही सांगितलं नाही. तिच्याकडं तुमचं म्हणावं असं दुसरं काय होतं? एक फोटो, तोही पार्टीतला, तुम्ही मागच्या रांगेत. पुढचे महिने मी शाळेत मुलांना कविता शिकवत होते आणि मनात एकच हिशेब होता, की जयंती जवळ येते आहे, मंचावर पेटी ठेवली जाईल, मी बटण दाबीन आणि सगळ्या वस्तीसमोर, आईसमोर, तुम्ही दुसऱ्यांदा जाल.

मार्चमध्ये घरी आले होते तेव्हा काका येऊन गेले. "पोरी, यंदा पेटी लवकर आण, माईक नवे हाईत," एवढं सांगून गेले. आई अंगणात भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "ते वाजायचं न्हाई."

"काय?"

"तुझ्या बापाचं गाणं. पावसाळ्यातच गेलं ते."

आई राख लावलेला तवा तसाच हातात धरून सांगू लागली. शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. लाईट नाही, आभाळ भरून आलेलं, दिवस मावळायला आलेला. रस्त्यात चिखल, दवाखान्याकडं निघालेल्या बैलगाडीपुढं उजेडाला बॅटरी धरायची तर कुणाच्या घरी सेल नाहीत. "मला आठवलं, आपल्या पेटीत हाईत. उगं जराशी थांबले. मग म्हन्लं, हितं गाणं हाय आन् तितं लेकरू हाय. काढले. नंतर बाजारातून दुसरे आणून घातले, तुला कळू नये म्हनून."

"मग मला सांगितलं काहून न्हाई?" शाळेत जपून बोलणारी मी आईपुढं आपोआप तिच्या बोलीवर येते.

"तू रडली असतीस. दिवाळीला आलीस, पेटी पुसलीस, काहीच बोलली न्हाईस. मला वाटलं, हिला कळलंच न्हाई. बरं झालं म्हन्लं."

"मला दिवाळीलाच कळलं हुतं."

"मग तू काहून न्हाई बोललीस?"

"तू रडशील म्हनून."

आईनं तवा खाली ठेवला. "दोघी बी शहाण्याच की," म्हणाली आणि हसायला लागली. मीही हसले. दादा, इतक्या महिन्यांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. त्या रात्री जन्मलेली शेजारची ती पोर आता बसायला शिकली होती आणि कुंपणाच्या काट्यांमधून आमच्याकडं बघत होती. हसू ओसरल्यावर आई हळूच म्हणाली, "खरं सांगू? मला ते ऐकवायचंच न्हाई. ती जागा आली की वाटायचं, समद्या वस्तीपुढं दर सालाला मीच त्यांना हाक मारून उठवून राहिले." मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी वर्षानुवर्षं ती हाक जपून ठेवत होते, तिच्यासाठी म्हणून.

काकांना सांगायला दोघी गेलो. वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. ते सुपारी कातरत म्हणाले, "गेलं? बरं. शब्द माझ्याकडं तवापासून हाईत. पण मशीनमागं गाता येत न्हाई पोरी. ते आपल्यासाठी थांबतंय थोडंच? तुला येती का चाल?" मला येत होती. तिच्या शेजारीच तर मी मोठी झाले. तरी इतक्या वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

जयंतीला मी वाजवली. बायकांच्या रांगेत आई पहिली बसली होती. सूर काकांच्या पट्टीत उतरवून घेतला होता, दोनदा बघून. मी बोटांकडं बघितलं नाही. मधली जागा जवळ आली तसं काकांनी तोंड उघडून दम घेतला, आणि त्यांच्या दमाएवढ्या जागेत माझी बोटं आपोआप चालली, चार-सहा सुरांचं काहीतरी छोटंसं वळण, आणि काका पुढच्या ओळीवर आले. चाल कुठंच थांबली नाही. आईनं पदरानं तोंड पुसलं, मग शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या.

आता पेटी माझ्याकडं शाळेच्या गावात असते. परिपाठाला वाजवते, दोन मुली शिकतात. सेल घालत नाही. लाईट गेली की ती गप्प होते आणि मीही निवांत बसते. सेलचा खण रिकामाच आहे, त्यात हा कागद घडी घालून ठेवीन, म्हणजे पेटीबरोबर राहील. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. आज सकाळी वाजवताना मधल्या जागेनंतर तुम्ही नेमकं काय वाजवलं होतं ते मला आठवेना. तुमचं कुठलं आणि माझं कुठलं, वेगळं करता येईना. मी थोडा वेळ पट्ट्यांवर हात ठेवून बसले, आणि मग जसं आलं तसं वाजवलं.