आईच्या शेजारची जागा

प्रिय ओपलताई,

गुडघा कसा आहे? यंदाही फुलं घेऊन टेकडीवरच्या कबरस्तानात गेलो, रिवाजाप्रमाणे आईच्या कबरीपाशी बसून तळलेली कोंबडी खाल्ली. खाली धरणाच्या पाण्यात सहलीच्या होड्या आपल्या बुडालेल्या घरावरून फिरत होत्या.

बाबांना फसवून धरणासाठी जमीन लिहून घेणारा प्रूइट आठवतो? परवा काठी टेकत टेकडीवर आला. "वर्जिल, मेल्यावर मला इथेच पुरा रे. इथून पाणी छान दिसतं."

टेकडी फक्त बुडालेल्या गावच्या लोकांची, आणि कबरीला जागा देणं माझ्या हातात. पण नुसतं नाही म्हणून माझी आग विझली नसती. आईच्या अगदी शेजारची जागा दिली.

ती मरेपर्यंत त्याला शिव्या घालायची आणि तो तोंड चुकवून पळायचा. आता पळून दाखव म्हणावं!

मुलांना पापा.

तुझा,
वर्जिल